हातांवर उभे राहणे

हातांवर उभे राहणे : दोन्ही तळहात जमिनीवर किंवा एखाद्या साधनावर टेकून, कोपरे ताठ ठेवून आणि पाय वर नेऊन साऱ्या शरीराचा तोल हातांवर सांभाळण्याची व्यायामक्रिया. डोके टेकत नसल्यामुळे ती शीर्षासनाहून वेगळी पडते. व्यायामशाळांत तिला हँडस्टँड म्हणतात. योगवर्गांत अधोमुख वृक्षासन हे नाव रूढ आहे. याच स्थितीत कोपरे वाकवून डोके जमिनीपर्यंत आणणे व पुन्हा हात ताठ करून वर जाणे, हा तिचा बलप्रधान प्रकार. त्याचा उल्लेख येथे ‘उलटे जोर’ असा केला आहे.

या क्रियेचे पुरावे अनेक प्राचीन संस्कृतींत मिळतात. चीनमध्ये जीनान येथील पश्चिम हान काळातील एका थडग्यात १९६९ मध्ये सापडलेल्या मातीच्या कसरतपटूंच्या समूहात हातांवर उभ्या राहिलेल्या आकृती आहेत. दक्षिण इटलीतील ग्रीक वसाहतींत घडवलेल्या, सुमारे इ. स. पू. चौथ्या शतकातील एका कलशावर हातांवर तोल धरून पायांनी बाण सोडणारी स्त्री रंगवलेली आहे. दोन्हीकडे हा खेळ करमणुकीचा दिसतो.

भारतातील प्राचीनतेचा प्रश्न मुख्यतः भरताच्या नाट्यशास्त्रातील एका करणाभोवती, म्हणजे हातपायांच्या ठरावीक नृत्यस्थितीभोवती, फिरतो. या ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असा धरतात. काही अभ्यासक तो आणखी पुढे आणतात. त्यातील १०८ करणांपैकी शेवटचे करण गंगावतरण. त्याच्या लक्षणश्लोकात पावलाची बोटे व तळवा वर, दोन्ही हात त्रिपताक मुद्रेत आणि अधोमुख, मस्तक झुकलेले, एवढेच सांगितले आहे. हात भुईला टेकल्याचे श्लोकात म्हटलेले नाही, आणि पावलाचा उल्लेख एकवचनी आहे. उलट चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या गोपुरांत, जेथे करणशिल्पे लक्षणश्लोकांसह कोरली आहेत, तेथे या करणात हात खाली टेकून पाय वर उचललेली आकृती दिसते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील करणमाला याहून जुनी, अकराव्या शतकाच्या आरंभीची; पण ती ८१ व्या करणाशी थांबते, त्यामुळे नेमकी येथे तिची साक्ष मिळत नाही.

शिल्पांनी नर्तकांची अखंड परंपरा जपली, असे मानणारा एक पक्ष आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते श्लोकातील वर्णन एका पायावर उभे राहून दुसरा पाय मागून वर नेण्याचेही असू शकते. त्रिपताक हस्तात अनामिका दुमडलेली असते आणि तसा हात टेकून सारा भार पेलणे अवघड, ही बाब दुसऱ्या मताला पुष्टी देते. मात्र शिल्पी मूळ श्लोकाशी किती प्रामाणिक राहिले हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी गोपुरे उभी राहिली त्या काळातील, म्हणजे साधारण बाराव्या-तेराव्या शतकांतील दक्षिणेच्या कलावंतांना ही स्थिती परिचित होती, एवढे खात्रीने म्हणता येते. ती थेट भरताच्या काळापर्यंत मागे नेणे धाडसाचे ठरेल.

हठयोगाच्या प्रमुख ग्रंथांत या क्रियेला स्थान नाही. हठप्रदीपिकेतील मयूरासनात भार हातांवर येतो, पण शरीर आडवे राहते. विपरीतकरणीत पाय वर जातात, पण हातांवर नव्हे. घेरंडसंहितेतील वृक्षासन तर एका पायावर उभे राहण्याचे आहे. तेव्हा आजच्या योगवर्गांतील अधोमुख वृक्षासन हे प्राचीन योगासन आहे, या समजुतीला या ग्रंथांतून आधार मिळत नाही. आखाडा आणि योग यांची सरमिसळ कशी झाली असावी, हे समजण्यास कपाल कुरंटकाची हठाभ्यासपद्धती अधिक उपयोगी पडते. तिचे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ती अठराव्या शतकात, बहुधा महाराष्ट्रात रचली गेली असे अभ्यासक मानतात. दोरीवर करायची आसने तीत आहेत. जोरांप्रमाणे पुन्हापुन्हा आवर्तने करायचे गजासनही आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेल्या मल्लखांबात बोंडावर, म्हणजे खांबाच्या माथ्यावरील गोळ्यावर, हात टेकून उलटे उभे राहणे ही कसोटीची स्थिती समजली जाते. कोल्हाटी व डोंबारी जमातींत ही कला पिढीजात होती. त्यांची शिकवण्याची रीत मात्र तोंडी राहिली आणि लेखी साधनांत तिचे उल्लेख तुटक आहेत. या लोकांचे श्रेय व्यायामाच्या इतिहासात आजवर पुरेसे नोंदले गेलेले नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केल्यानंतर अशा कसरतींना तंबूतला प्रेक्षक मिळाला.

यूरोपात जर्मन व्यायामशिक्षक फ्रीड्रिख यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळच्या हासेनहायडे येथे खुली व्यायामशाळा काढली. तेथे प्रचारात आलेल्या समांतर पट्ट्यांमुळे (पॅरलल बार) ही क्रिया शालेय व्यायामात शिरली. १८६० च्या सुमारास प्रशियात समांतर पट्ट्या शरीराला अपायकारक आहेत काय, यावर मोठा वाद झाला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ द्यु ब्वा-रेमाँ यांनी पट्ट्यांची बाजू घेतली. आजच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत स्थिर बलस्थिती किमान दोन सेकंद टिकवावी लागते.

तंत्र : शरीराचा गुरुत्वमध्य तळहाताच्या मनगटाकडील कडेपासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या अरुंद पट्ट्यावर राहिला पाहिजे. तोल पाठीच्या बाजूस, म्हणजे बोटांच्या दिशेने, जाऊ लागला की बोटांची पेरे जमिनीत रुतवल्यासारखी दाबतात. त्या दाबाने शरीर परत येते. तोल उलट दिशेने, पाय आले त्या बाजूस, गेला तर मनगटाच्या हाती फारसे काही नसते. खांदे किंवा कंबर वाकवून सावरावे लागते. म्हणून जाणकार शिक्षक भार किंचित बोटांकडे ठेवायला शिकवतात. कर्विन व ट्रेवार्था यांच्या २००१ च्या अभ्यासातही पुढेमागे तोल राखण्याचे मुख्य काम मनगटच करते, असे दिसून आले. कोपरे लुळी पडू नयेत, खांदे कानांकडे उचललेले असावेत, फासळ्या आत ओढलेल्या असाव्यात. नजर दोन्ही हातांच्या मध्ये ठेवतात.

नवशिक्याने भिंतीकडे पाठ करून हात टेकावेत आणि पावले भिंतीवरून वर चढवावीत. यात छाती भिंतीसमोर राहते. पाय झटकून भिंतीला टेकण्याची सवय लागली की कमरेत कमान पडते, आणि ती पुढे मोडणे फार कठीण जाते. कोलमडताना एक हात उचलून कुशीकडे वळत पायांवर उतरणे आधी शिकावे. भीती गेल्याशिवाय तोल येत नाही.

उलटे जोर : साध्या जोरात हातांवर शरीरभाराचा सुमारे दोनतृतीयांश भाग येतो, येथे जवळजवळ सगळा येतो. त्यामुळे आधी कंबर उंच ठेवून, नंतर पाय बाकावर ठेवून जोर काढतात. पुढे भिंतीच्या आधाराने फक्त सावकाश खाली येण्याचा सराव करतात. खाली येताना डोके हातांच्या रेषेत न येता थोडे पुढे यावे, म्हणजे डोके व दोन हात यांचा त्रिकोण होतो. कोपरे बाजूला फाकली तर खांद्यावर अवाजवी ताण येतो. लाकडी ठोकळ्यांवर हात ठेवल्यास डोके हातांच्या पातळीखाली जाऊ शकते. हा प्रकार फार पुढचा आहे. लाथ मारून झटक्याने वर जाण्याची स्पर्धांतील रीत वेग देते, पण मानेवर आदळण्याचा धोका वाढवते.

डोके खाली असताना डोळ्यांतील दाब लक्षणीय वाढतो. काचबिंदू व उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ही क्रिया टाळावी. वाढत्या वयातील मुलांमध्ये अतिसरावाने अरास्थीच्या (हाताच्या पुढील भागातील अंगठ्याकडच्या हाडाच्या) मनगटाजवळील वाढीच्या कूर्चेस इजा होऊ शकते. त्यांच्या मनगटात दुखू लागल्यास सराव थांबवून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.