उचललेली व्हॅन आणि सूर्यघड्याळाची सावली

मार्च उजाडला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या बागायतींकडे जाणाऱ्या वाटांवर मालवाहू व्हॅनची ये-जा वाढते. वर जाताना रिकाम्या, खाली येताना बोंडूंनी, म्हणजे काजूच्या फळांनी, भरलेल्या. वाट कसली, जांभ्याचे उघडे पडलेले दगड आणि पावसाने खोदलेले चर. व्हॅनचे पोट घासते, आणि मालक गॅरेजवाल्याला सांगतो, गाडी तीन इंच उचलून दे. मग स्प्रिंगखाली उंची वाढवणारे ठोकळे, स्पेसर, बसतात, जाड टायर चढतात, मागच्या काचेवर 'ऑफ-रोड'चे स्टिकर लागते. गाडी उंच झाली की ती रानात चालणारी झाली, हा समज आता पक्का झाला आहे. तो अर्धाच खरा आहे.

खरा अर्धा भाग असा. मारुतीच्या ईकोसारख्या व्हॅनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २३५० मिलिमीटर अंतर असते. पोट जमिनीपासून १६० मिलिमीटरवर धरले, तर चाकांच्या मधे येणारा उंचवटा साधारण साडेपंधरा अंशांपर्यंत पार होतो. गाडी ७५ मिलिमीटर उचलली की हाच कोन साडेबावीस अंशांवर जातो. फायदा मोठा आहे. पण मागची दोन चाके जोडणाऱ्या अखंड अ‍ॅक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरांचा, जो गोळा लोंबतो, तो स्प्रिंग उचलून एक मिलिमीटरही वर येत नाही. त्याला फक्त मोठे टायर उचलतात.

दुसरीकडे गुरुत्वमध्य वर सरकतो. दोन मागच्या चाकांतले आडवे अंतर १२९० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६५० धरली, तर गाडी आडवी कलंडण्याचा कोन सुमारे ४५ अंश येतो. उंची ७२५ झाली की तो ४२ वर उतरतो. माल वरपर्यंत रचून ती ८५० झाली, तर ३७. हे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात टायर आणि स्प्रिंग एका बाजूला दबतात, म्हणून गाडी त्याआधीच जाते. या हिशोबाला शाळेतली त्रिकोणमिती पुरते, आणि उचलण्याआधी तो प्रत्येकाने करावा.

मला मात्र सांगायचे आहे ते गाडीच्या पोटाखाली फिरणाऱ्या एका दांड्याबद्दल. या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना. मधे ही ओढ मागे नेणारा तो दांडा, प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स बॉडीला बांधलेला, अ‍ॅक्सल स्प्रिंगवर वर-खाली होणारा, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट लागतो. गॅरेजमध्ये त्याला नुसते 'क्रॉस' म्हणतात. समोरासमोर दोन चिमटे, एकाच्या तोंडी दुसरा काटकोनात वळवलेला, आणि त्यांच्यामधे अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. शाफ्ट वाकडा असला तरी फिरणे पुढे पोहोचते.

पोहोचते, पण जसेच्या तसे नाही. क्रॉसची दोन टोके पहिल्या दांड्याच्या काटछेदात गोल फिरतात, उरलेली दोन दुसऱ्या दांड्याच्या काटछेदात. ही दोन वर्तुळे एकमेकांशी कललेली असतात, आणि कललेले वर्तुळ समोरून पाहिले की लंबवर्तुळ दिसते. एका वर्तुळावर समान अंतराने केलेल्या खुणा दुसऱ्यावर समान राहत नाहीत. म्हणून पहिला दांडा एकाच वेगाने फिरत असला, तरी दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन दांड्यांतला कोन ३० अंश असेल, तर मिनिटाला १००० फेऱ्यांचे दुसऱ्या बाजूला ८६६ ते ११५५ असे हेलकावे होतात.

या जॉइंटला कार्डानो या १६व्या शतकातल्या इटालियन गणितज्ञाचे नाव चिकटले आहे. पण जॉइंटचा हा असमान वेग कामाला लावला तो इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने. शाळेत स्प्रिंगचा नियम शिकताना भेटतो तोच हूक. १६७६ साली छापलेल्या पुस्तकात त्याने हा जॉइंट वर्णिला आणि सूर्यघड्याळाशी जोडला. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, पण आडव्या तबकडीवरची सावली तशी सरकत नाही, कारण तबकडी विषुववृत्ताच्या प्रतलाशी कललेली असते. पुन्हा तीच दोन कललेली वर्तुळे. सूत्रही अक्षरशः एकच: एका कोनाचा टॅन बरोबर कलाचा कोसाइन गुणिले दुसऱ्या कोनाचा टॅन.

पणजी साडेपंधरा अक्षांशावर आहे. तिथे आडवे सूर्यघड्याळ मांडले, तर सौरवेळेनुसार दुपारी बारा ते एक या तासात सावली जेमतेम ४ अंश सरकेल. संध्याकाळी पाच ते सहा या तासात ४५ अंश! हे साडेचौऱ्याहत्तर अंश वाकवलेल्या क्रॉसचे गणित. इतका वाकडा क्रॉस गाडीत कधीच नसतो, पण काजूची बोंडे वाहणारी व्हॅन आणि पणजीतली सावली एकाच समीकरणावर चालतात, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

आता व्हॅनकडे. शाफ्ट एक मीटर लांब आणि मुळात ४ अंश कललेला धरू. बॉडी ७५ मिलिमीटर वर गेली की कोन साधारण ८ अंश होतो. कोन दुप्पट, पण लहान कोनांत हेलकावा कोनाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. शाफ्टला बसणारे झटके वेगाच्याही वर्गाने वाढतात. १००० फेऱ्यांवरून ३००० वर गेलात की नऊपट. चार नवे छत्तीस. म्हणूनच उचललेली व्हॅन रानवाटेवर शहाण्यासारखी वागते आणि चोर्ल्याच्या घाटाकडे किंवा महामार्गावर सरळ पट्टा लागताच तळातून गुरगुरते. ३००० फेऱ्यांना सेकंदाला ५० फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन हेलकावे, म्हणजे सेकंदाला १०० कंपने.

अशा वेळी गाडीला दृष्ट लागली म्हणून पुढे लिंबू-मिरची बांधतात. मी हे पाहिले आहे, आणि मला त्याचा राग येतो. क्रॉसची बेअरिंगे झिजून शाफ्ट चालत्या गाडीतून सुटला तर माणूस जातो. तिथे पाना आणि कोनमापक लागतो. दुसरा राग रीलवर व्हॅन वाळूत नाचवणाऱ्यांचा. वाळूला टायरची हवा कमी करावी लागते, उंचीचे तिथे काही चालत नाही. शिवाय गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवे अंडी घालतात.

मग सगळ्याच गाड्या का गुरगुरत नाहीत? कारण शाफ्टला क्रॉस दोन असतात. पहिल्याने केलेला हेलकावा दुसरा पुसतो. अट अशी की दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत आणि दोन्ही कोन सारखे हवेत. अवघड ठरते ती दुसरी अट. ईकोचा मागचा अ‍ॅक्सल दांड्यांनी धरलेला असतो. बॉडी वर गेली की हे दांडे कमानीत फिरतात, अ‍ॅक्सल थोडा गिरकी घेतो आणि डिफरन्शियलचे नाक, म्हणजे शाफ्ट जोडलेले तोंड, वळते. पुढे ८ अंश आणि मागे ३ राहिले, तर उरलेला हेलकावा ६४ वजा ९ च्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे जवळपास साडेसात अंशांच्या एकट्या क्रॉसचा. दुसरा क्रॉस असून नसल्यासारखाच.

उपाय आहेत. दांडे लांबी बदलता येणारे बसवणे, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जुन्या व्हॅनला पाट्याखाली निमुळती पाचर देणे, गिअरबॉक्सचा आधार थोडा खाली घेणे. एका टोकाला दुहेरी क्रॉसही बसतो, मग नाक थेट शाफ्टकडे वळवावे लागते. आणि हे सगळे करण्याआधी आरटीओचा विचार करावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपेक्षा वेगळे बदल सहसा करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितले.

कोन मोजायला मोबाइलमधले लेव्हल पुरते. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडावर एक माप, शाफ्टवर दुसरे, डिफरन्शियलच्या तोंडावर तिसरे. गाडी चाकांवर उभी असताना मोजायचे. जॅकवर नाही, कारण तिथे अ‍ॅक्सल लोंबतो आणि सगळे कोन खोटे येतात. एकदा रिकामी मोजावी आणि एकदा बोंडूंच्या भरल्या क्रेट्ससह, कारण भाराने स्प्रिंग दबते आणि कोन पुन्हा बदलतो. जुळवणी करायची ती भरलेल्या गाडीवर. इंजिनावर जोर देऊन महामार्ग कापायचा असतो तो तेव्हाच.