थेम्सकाठचा लिबरल क्लब: फरशांनी मढवलेल्या खांबांमागचा इतिहास

लंडनमध्ये व्हाइटहॉल प्लेसच्या कोपऱ्यावर ‘नॅशनल लिबरल क्लब’ची भव्य दगडी इमारत आहे. गोपाळ कृष्ण गोखले या क्लबाचे सभासद होते. लंडनहून त्यांनी लिहिलेल्या पत्रांवर हा पत्ता आढळतो. पण ही वास्तू मुळात अशी का बांधली गेली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

लंडनमधल्या जुन्या क्लबांची खरी पेठ म्हणजे पॅल मॅल. तिथला रिफॉर्म क्लब १८४१ मध्ये पुरा झाला. वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांनी तो रोममधल्या फार्नेसे राजवाड्याच्या धर्तीवर बांधला. तोही उदारमतवाद्यांचाच, पण थाट सरदारी. गावोगावी लिबरल म्हणजे उदारमतवादी पक्षाचं काम करणारा साधा माणूस लंडनला आला तर त्याने बसायचं कुठे? या गरजेतून १८८२ मध्ये नॅशनल लिबरल क्लब निघाला. मतदानाचा हक्क आणखी लाखो पुरुषांना देणारा कायदा संसदेपुढे असतानाच, ४ नोव्हेंबर १८८४ रोजी, पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी इमारतीची कोनशिला बसवली. १८८७ मध्ये काम पूर्ण झालं.

आराखडा आल्फ्रेड वॉटरहाउस यांचा. मँचेस्टरचं टाउन हॉल आणि लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम यांचेही तेच वास्तुविशारद. जागा मिळाली ती निमुळती, पाचरीसारखी. कोपऱ्यावर उंच मनोरा उभारून त्यांनी ती अडचणच इमारतीची ओळख करून टाकली. नदीला बांध घालून एम्बँकमेंटचा रस्ता जेमतेम पंधरा-सतरा वर्षांपूर्वी झाला होता. त्यामुळे क्लबाच्या गच्चीपुढे बागा आणि त्यापलीकडे थेम्स असा मोकळा देखावा मिळाला.

बाहेर पोर्टलंडचा फिकट दगड आहे, पण मला महत्त्वाचं वाटतं ते आतलं काम. पॅल मॅलच्या क्लबांत संगमरवर आणि लाकूड मिरवतं; इथे खांब आणि भिंती झिलईदार फरशांनी मढवलेल्या आहेत. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या शहरात ओल्या फडक्याने पुसता येईल असा पृष्ठभाग वॉटरहाउस यांना आवडायचा. शेकडो माणसांची ये-जा सोसणाऱ्या क्लबाला तर तो फारच शोभला. नाकं मुरडणारे तेव्हाही होते. माझ्या मते मात्र हीच त्या वास्तूची सचोटी आहे: राजवाड्याचं सोंग न घेता ती वापराला टिकली.

तळघराची हकीकत वेगळीच. हवेच्या दाबाने डबे ढकलत नदीखालून वॉटर्लू स्थानकापर्यंत नेणाऱ्या रेल्वेचं खोदकाम १८६५ मध्ये सुरू झालं होतं. पुढच्याच वर्षीच्या आर्थिक अरिष्टात ते बंद पडलं. त्या खोदकामाचा उरलेला भाग क्लबाने वाइन ठेवायला वापरला.

दादाभाई नौरोजींचाही या क्लबाशी जवळचा संबंध. १८८६ ला लंडनमधल्या हॉबर्नमधून ते लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि निवडणूक हरले. ‘काळ्या माणसाला’ इंग्रज मतदार निवडून देणार नाहीत, असं विरोधी हुजूर पक्षाचे पंतप्रधान सॉल्सबरी १८८८ मध्ये दादाभाईंबद्दल जाहीर सभेत बोलले. त्यानंतर या क्लबाने दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते खासदार झाले.

मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्ब थेट इमारतीवर पडला आणि मधला संगमरवरी जिना कोसळला. तो १९५० मध्ये पुन्हा बांधला. पुढे पैशाची चणचण भासू लागली. १९७६ मध्ये स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळालं, तर १९७७ मध्ये ग्लॅडस्टन यांच्या नावाचं ग्रंथालय ब्रिस्टल विद्यापीठाला विकावं लागलं. नंतर वरचे मजले शेजारच्या हॉटेलकडे गेले. फरशांचे खांब, भोजनगृह आणि नदीकडची गच्ची मात्र अजून क्लबाकडेच आहे.