झिगी स्टारडस्ट

झिगी स्टारडस्ट : इंग्लिश गायक-गीतकार डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) याने १९७२-७३ मध्ये रंगमंचावर उभे केलेले काल्पनिक रॉक गायकाचे पात्र. पृथ्वीचा अंत पाच वर्षांवर येऊन ठेपला असताना झिगी परग्रहवासीयांचा निरोप्या होतो, तरुणांचे दैवत बनतो आणि त्या दैवतपणापायीच संपतो, अशी त्याची ढोबळ कथा. ढोबळच, कारण जून १९७२ मधल्या ज्या अल्बममुळे तो सर्वतोमुखी झाला, त्यातली गाणी सलग कथानक मांडत नाहीत आणि काहींमध्ये झिगीचा पत्ताही नाही. उरलेली जागा रंगभूषा, देहबोली आणि मुलाखतींनी भरून काढली.

पात्राची जुळवाजुळव उघडउघड उसनवारीची होती. मानसिक तोल ढळल्यावर स्वतःला दैवी पुरुष समजू लागलेला रॉक अँड रोल गायक व्हिन्स टेलर हा त्याचा एक नमुना. आडनाव लेजंडरी स्टारडस्ट काउबॉय या अमेरिकन गायकावरून घेतलेले. हालचालींना वळण लावले ते लिंडसे केम्पकडे शिकलेल्या मूकाभिनयाने. १९७३ मध्ये जपानी वेशभूषाकार कान्साई यामामोतोचे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यशैलीचे पोशाख आले. मंचावरच हिसका देताच वरचा पोशाख गळून पडे आणि आतला दिसे.

६ जुलै १९७२ रोजी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात ‘स्टारमॅन’ हे गाणे प्रसारित झाले. तांबडेलाल केस, रंगीबेरंगी अंगाबरोबरचा पोशाख आणि गळ्यात निळी गिटार. गाता गाता बोवीने गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला, मग कॅमेऱ्याकडे बोट रोखून ते फिरवले. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांवरची फौजदारी बंदी अंशतः उठून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती, म्हणून त्या हाताची एवढी चर्चा झाली. पुढे गायक झालेल्या अनेकांनी तो प्रसंग आपली सुरुवात म्हणून सांगितला आहे.

सगळे श्रेय पोशाखाला देणे मात्र अन्यायाचे ठरेल. ‘स्टारमॅन’च्या ध्रुवपदात त्या एकाच शब्दावर स्वर थेट वरच्या सप्तकात उडी घेतो; आकाशातून कोणी हाक मारतो आहे, हे चाल आधीच सांगून टाकते. झिगीच्या नावाचे गाणे त्याहून चलाख आहे. त्यातला निवेदक झिगी नसून त्याच्या वाद्यवृंदातला दुखावलेला साथीदार आहे. म्हणजे झिगीचे सोंग घेतलेला माणूसच झिगीच्या अहंकाराची तक्रार गातो. शब्दांत गिटारचे कौतुक झिगीचे होते, कानावर पडणारी धारदार इलेक्ट्रिक गिटार मात्र रॉन्सनची. अल्बममधले तंतुवाद्यांचे संयोजनही त्याचेच. मुखवटा कुठे संपतो ते दिसत असूनही गाणे खरे वाटते, ही या पात्राची खरी कमाई. या अंगाकडे चाहत्यांचे लक्ष त्या मानाने कमी जाते.

३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने हा आपला शेवटचा कार्यक्रम असल्याचे जाहीर केले. बासवादक ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवादक वूडी वूडमन्सी यांनाही त्याची आधी कल्पना नव्हती. अनेकांना वाटले, गायकच निवृत्त झाला. निवृत्त झाले होते ते पात्र. त्या रात्रीचे चित्रीकरण अमेरिकन माहितीपटकार डी. ए. पेनेबेकरने केले आहे. बोवीने १९७६ मध्ये थिन व्हाइट ड्यूक हे पात्र आणले: पांढरा शर्ट, काळी बंडी, आणि मागे वळवलेले केस.