सेवाकरण (उत्पादन उद्योगातील)

वस्तू बनवणाऱ्या कारखान्याने ती एकरकमी किमतीला विकण्याऐवजी तिच्यापासून मिळणारे काम, तिचा वापर किंवा ती चालू राहण्याची हमी ठरावीक मुदतीने आकारल्या जाणाऱ्या मोबदल्यावर पुरवणे आणि अशा आवर्ती उत्पन्नाला व्यवसायाचा मुख्य आधार करणे, या स्थित्यंतरास सेवाकरण म्हणतात. पुणे परिसरात या पद्धतीचे व्यवहार प्रामुख्याने वाफ, दाबाखालची हवा (कॉम्प्रेस्ड एअर) आणि विजेवर चालणाऱ्या बस या क्षेत्रांत आढळतात. वॉरंटी, सुट्या भागांची विक्री आणि वार्षिक देखभाल करार (एएमसी) हे यंत्रोद्योगात सर्वपरिचित असल्याने त्यांचा येथे केवळ तुलनेपुरता उल्लेख केला आहे.

संकल्पनेची पहिली व्यवस्थित मांडणी सांड्रा व्हँडरमर्व्ह आणि हुआन राडा यांनी १९८८ साली केली, असे सामान्यतः मानले जाते. वस्तू, सेवा, साहाय्य आणि ज्ञान यांचा एकत्रित संच विकण्याकडे उद्योगांचा कल वाढत आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील अभ्यासकांनी पर्यावरणाच्या अंगाने याच विषयाकडे पाहिले. आर्नोल्ड टुकर यांनी २००४ मध्ये आठ उपप्रकारांचे वर्गीकरण केले आणि त्यांचे तीन गट पाडले : वस्तूच्या विक्रीला जोडलेल्या सेवा, वस्तूच्या वापराची विक्री आणि निष्पत्तीची विक्री. तिसऱ्या गटात ग्राहक यंत्राचे भाडे देत नाही. यंत्राने केलेल्या कामाचे मोल देतो. व्यवहारात दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील सीमा पुसट असते आणि बहुतेक वाद तेथेच उद्भवतात.

प्रथेचा उगम कोठे मानावा, याबद्दल मतभेद आहेत. काही लेखक तो थेट अठराव्या शतकात नेतात. जेम्स वॉट यांना वाफेच्या इंजिनाचे एकस्व (पेटंट) १७६९ मध्ये मिळाले आणि १७७५ च्या ब्रिटिश संसदेच्या कायद्याने त्याची मुदत १८०० पर्यंत वाढली. मॅथ्यू बोल्टन व वॉट यांच्या भागीदारीने कॉर्नवॉलमधील खाणमालकांशी केलेल्या करारांत इंजिनाची नेहमीसारखी किंमत नव्हती. जुन्या न्यूकमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग त्यांना मिळत असे. बचत मोजायची तर इंजिनाचे फेरे मोजणे आले, म्हणून तुळईला गणकयंत्र जोडून ते कुलूपबंद पेटीत ठेवले जाई. मोजणीवरून आणि देण्यांवरून खाणमालकांशी तंटे झाले आणि नंतरच्या अनेक करारांत इंजिनाच्या अश्वशक्तीनुसार वार्षिक रक्कम ठरवण्यात आली. निष्पत्तीवर आधारित मोबदला, त्यासाठी लागणारे मापन आणि मापनाविषयीचा अविश्वास ही आजच्या करारांतील तिन्ही अंगे येथे दिसतात, हे खरे. तथापि इंजिनाचे भाग खाणमालक स्वतः विकत घेत, इंजिनघर स्वखर्चाने बांधत आणि इंजिन बंद पडल्यास खर्चही तेच सोसत. बोल्टन व वॉट यांच्याकडून आराखडे, काही निवडक भाग आणि उभारणीवर देखरेख एवढेच मिळे. त्यामुळे हा व्यवहार सेवाकरणाचा आरंभ नसून एकस्वाच्या स्वामित्वशुल्काचा कल्पक प्रकार होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

दुसरे मत अमेरिकेतील भाडेपद्धतीकडे बोट दाखवते. युनायटेड शू मशिनरी ही कंपनी चपला-बूट शिवण्याची आपली प्रमुख यंत्रे न विकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देई आणि दुरुस्तीचे वेगळे पैसे घेत नसे. आयबीएमनेही आपली सारणीयंत्रे (छिद्रपत्रांवरील माहितीची मोजणी करणारी यंत्रे) दीर्घकाळ केवळ भाड्याने दिली; १९५६ च्या न्यायालयीन संमतिनाम्यानंतर तिला ती विक्रीलाही ठेवावी लागली. झेरॉक्स कंपनीचे ९१४ हे प्रतिमुद्रण यंत्र १९५९ मध्ये जाहीर झाले. त्याचे मासिक भाडे ९५ डॉलर असून त्यात २,००० प्रती अंतर्भूत होत्या, पुढील प्रत्येक प्रतीला ४ सेंट पडत आणि १५ दिवसांची सूचना देऊन ग्राहकाला यंत्र परत करता येई. भाड्यात वापरानुसार आकारणी मिसळण्याचा हा नमुना आजही ऑफिसांतील झेरॉक्स यंत्रांच्या करारांत टिकून आहे.

तिसरे आणि बहुधा सर्वाधिक मान्य मत ब्रिटनमधील ब्रिस्टल सिडली या विमान-इंजिन कंपनीला मान देते. १९६२ मध्ये तिने व्हायपर इंजिनासाठी उड्डाणाच्या प्रत्येक तासाला निश्चित रक्कम घेऊन इंजिनाची संपूर्ण देखभाल व बदली आपल्याकडे घेतली. १९६६ मध्ये रोल्स-रॉइसने ती कंपनी ताब्यात घेतली आणि ‘पॉवर बाय द अवर’ हे या योजनेचे नाव पुढे रोल्स-रॉइसशीच जोडले गेले. येथे निर्णायक फरक असा की, इंजिन बिघडले तर पूर्वी निर्मात्याला सुट्या भागांचे आणि दुरुस्तीचे उत्पन्न मिळे. नव्या करारात बिघाड हा निर्मात्याचाच खर्च झाला. प्रस्तुत नोंदीत हीच कसोटी ग्राह्य धरली आहे. मालकी कोणाच्या नावावर आहे यापेक्षा बिघाडाची जोखीम कोणाकडे आहे, यावरून सेवाकरण झाले की नाही हे ठरते. या कसोटीने पाहता, यंत्र भाड्याने देऊन ब्रेकडाउनचे बिल वेगळे लावणारा कारखानदार सेवाकरणाच्या अलीकडेच राहतो.

पुणे परिसर : पुण्याचा यंत्रोद्योग प्रामुख्याने इंजिने, पंप, बॉयलर, कॉम्प्रेसर आणि वाहने यांवर उभा राहिला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (१९४६), हडपसरची किर्लोस्कर न्यूमॅटिक (१९५८) आणि आज कमिन्स इंडिया म्हणून ओळखली जाणारी किर्लोस्कर कमिन्स (१९६२) ही यातील ठळक नावे होत. ही यंत्रे वर्षानुवर्षे अखंड चालणारी असल्याने किमतीपेक्षा चालवण्याचा खर्च मोठा, हे येथील ग्राहकाला पूर्वीपासून ठाऊक होते. निर्मात्याने तो खर्च स्वतःच्या अंगावर घेणे मात्र तुलनेने अलीकडचे आहे.

दाबाखालच्या हवेचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. कॉम्प्रेसरच्या संपूर्ण आयुष्यातील खर्चात विजेचा वाटा साधारणपणे तीन चतुर्थांश असतो आणि दाब १ बारने वाढवल्यास वीज ६ ते ७ टक्के अधिक लागते. जर्मनीतील केझरसारखे उत्पादक कॉम्प्रेसर स्वतःच्या मालकीचे ठेवून ग्राहकाला घनमीटरच्या दराने हवा पुरवतात. करारात ठरलेल्या किमान मात्रेचा स्थिर आकार असतो व त्यावरील वापर मीटरप्रमाणे लावला जातो. या व्यवस्थेत कार्यक्षम यंत्र बसवणे, फिल्टर वेळेवर बदलणे आणि दाब गरजेपुरताच ठेवणे यांत पुरवठादाराचे स्वतःचे हित असते. परंतु मीटर कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर पडणाऱ्या मुख्य वाहिनीवर बसवलेला असतो, आणि त्यापुढे कारखान्यातल्या पाइपलाइनला, क्विक कपलिंगला, यंत्रांच्या होजना असलेली गळती ग्राहकाच्या खात्यात मोजली जाते. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यांत अशी गळती एकूण हवेच्या २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. रविवारी सर्व यंत्रे बंद असताना हा मीटर फिरत राहिला, तर तो आकडा म्हणजे निव्वळ गळती होय. ती थांबवल्यास पुरवठादाराची विक्री घटते. म्हणजे मीटरच्या अलीकडे दोघांचे हित एकत्र येते आणि पलीकडे ते पुन्हा दुभंगते. सेवाकरणामुळे निर्माता व ग्राहक यांचे हित आपोआप एक होते, असे व्यवस्थापनविषयक लेखनात सरसकट म्हटले जाते, ते या कारणाने मर्यादेसहच स्वीकारले पाहिजे. गळतीशोध कोणी करायचा आणि वाचलेल्या हवेचा लाभ कसा वाटायचा, हे करारात लिहिले असेल तरच ते विधान खरे ठरते.

वाफेच्या बाबतीत पुण्यातील थरमॅक्स या कंपनीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. १९६६ मध्ये वॉन्सन (इंडिया) या नावाने सुरू झालेल्या आणि १९८० मध्ये आजचे नाव घेतलेल्या या बॉयलर-उत्पादक कंपनीने २००९ च्या सुमारास ऑनसाइट एनर्जी सोल्यूशन्स ही उपकंपनी काढली. ग्राहकाच्या आवारात स्वतःच्या खर्चाने बॉयलर उभारायचा, तो स्वतः चालवायचा आणि वाफ किंवा उष्णता विकायची, असे तिच्या कामाचे स्वरूप आहे. इंधन बहुतेक ठिकाणी शेतीतील अवशेषांपासून मिळणारा जैवभार असतो. अशा करारांत तीन तांत्रिक बाबींना विशेष महत्त्व येते. पहिली, वाफेचा कोरडेपणा : ओली वाफ किलोमागे कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे केवळ वजनाने आकारणी केल्यास ग्राहकाचे नुकसान होते. दुसरी, कंडेन्सेट : वापरानंतर परत येणाऱ्या गरम पाण्यातील उष्णतेची वजावट ग्राहकाला मिळावी लागते. तिसरी, इंधनाची भाववाढ : जैवभाराचे दर हंगामानुसार हलतात आणि दहा-बारा वर्षांच्या करारात हा चढउतार निर्देशांकाला बांधावा लागतो. कायद्याची बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९२३ च्या बॉयलर अधिनियमात, ज्याची जागा आता २०२५ च्या अधिनियमाने घेतली आहे, भाड्याने किंवा उसनवार घेतलेला बॉयलर वापरणाऱ्याचाही ‘मालक’ या व्याख्येत समावेश होता. म्हणून सुरक्षेची जबाबदारी कोणावर, हे करारात सुस्पष्ट करणे आवश्यक ठरते.

विजेवरील बस हे शहरातील नागरिकांच्या रोजच्या पाहण्यातले उदाहरण. पुणे महानगर परिवहन महामंडळाने (पीएमपीएमएल, स्थापना २००७) फेब्रुवारी २०१९ पासून ऑलेक्ट्रा कंपनीच्या बस किलोमीटरच्या दराने घेण्यास सुरुवात केली. बस, चार्जिंगची साधने, देखभाल आणि चालक पुरवठादाराचे. वाहक, मार्ग आणि तिकिटाचे उत्पन्न महामंडळाचे, अशी विभागणी आहे. महामंडळ त्याआधीपासून खासगी ठेकेदारांच्या बसही अशाच किलोमीटरमागे आकारणीच्या पद्धतीने चालवत होते, परंतु ते ठेकेदार बस-उत्पादक नव्हते. बॅटरीची झीज ही मोठी आणि ग्राहकाला अपरिचित जोखीम असल्याने ती उत्पादकाच्या समूहाकडे गेली, यात या पद्धतीचे खरे नावीन्य आहे. विजेवरील वाहनांना प्रोत्साहन देणाऱ्या केंद्राच्या फेम-२ योजनेनेही बसखरेदीऐवजी याच पद्धतीला अनुदान दिले. परिवहन संस्थांची आर्थिक स्थिती नाजूक असल्याने मासिक बिले थकण्याची धास्ती उत्पादकांना वाटत राहिली आणि त्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देयक-हमीची स्वतंत्र योजना मंजूर केली.

वित्तीय परिणाम : विक्रीत जी रक्कम एकदम येते ती सेवाकरणात हप्त्याहप्त्याने येते. समजा, ६० लाख रुपयांचे यंत्र महिना सव्वा लाखाने दिले, तर मूळ किंमत वसूल होण्यासच ४८ महिने लागतात आणि व्याज व देखभाल त्याखेरीज. ऑर्डरी जितक्या वाढतील तितके भांडवल अधिक अडकते, म्हणूनच मोठ्या कंपन्या यासाठी वेगळी उपकंपनी काढतात आणि लघुउद्योजक सहसा एएमसीच्या पुढे जात नाहीत. नफ्याबाबतचे पुरावे संमिश्र आहेत. अँडी नीली यांनी २००८ मध्ये २५ देशांतील दहा हजारांहून अधिक कंपन्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा सेवाकरण केलेल्या मोठ्या कंपन्यांची उलाढाल अधिक, पण नफ्याचे प्रमाण शुद्ध उत्पादकांहून कमी आढळले. फँग, पामाटियर व स्टीनकाम्प यांनी त्याच वर्षी दाखवले की, सेवांचा वाटा विक्रीच्या साधारण २० ते ३० टक्क्यांपुढे गेल्यावरच कंपनीच्या मूल्यावर स्पष्ट अनुकूल परिणाम होतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत. अर्धवट सेवाकरण सर्वांत महाग पडते, असा अर्थ त्यांतून निघतो.

भारतात या व्यवहारांना करविषयक संदिग्धतेने दीर्घकाळ ग्रासले होते. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६६ मध्ये (२९अ) हा खंड घातला आणि माल वापरण्याच्या हक्काचे हस्तांतरण ही ‘विक्री’ मानून राज्यांना त्यावर कर लावण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने त्यासाठी १९८५ चा स्वतंत्र कायदा केला. दुसरीकडे केंद्राने मे २००८ पासून, ताबा व परिणामकारक नियंत्रण न सोडता माल वापरायला दिल्यास त्यावर सेवाकर लावला. त्यामुळे कॉम्प्रेसर ग्राहकाच्या शेडमध्ये असला तरी किल्ली आणि ऑपरेटर कोणाचे, यावर विक्रीकर की सेवाकर हे अवलंबून राहिले आणि काही पुरवठादारांना दोन्हींच्या नोटिसा येण्याची भीती होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर वापरहक्काचे हस्तांतरण सेवा ठरले आणि हा वाद बव्हंशी मिटला. लेखांकनात मात्र तोच प्रश्न वेगळ्या रूपात उरला आहे. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या इंड-एएस ११६ या भारतीय लेखा मानकानुसार, विशिष्ट यंत्राचा जवळजवळ सर्व लाभ ग्राहक घेत असेल आणि त्याचा वापर तोच ठरवत असेल, तर करारास सेवा म्हटले तरी त्यात भाडेपट्टा आहे असे धरून तो ग्राहकाच्या ताळेबंदात दाखवावा लागतो. यंत्र स्वेच्छेने बदलण्याचा खरा, व्यवहार्य अधिकार पुरवठादाराकडे असल्यास तसे करावे लागत नाही.

स्वतंत्र दुरुस्ती-व्यावसायिकांवर होणाऱ्या परिणामाकडे या विषयावरील लेखनात फारच कमी लक्ष दिले गेले आहे, ही खेदाची बाब आहे. युनायटेड शू मशिनरीच्या खटल्यात १९५३ मध्ये न्यायालयाने नेमका हा मुद्दा नोंदवला होता : भाड्यात दुरुस्ती अंतर्भूत असल्यामुळे बाहेर दुरुस्तीचे स्वतंत्र दुकानच उभे राहू शकले नाही, आणि त्यामुळे नव्या यंत्रनिर्मात्यालाही बाजारात शिरणे अवघड झाले. भोसरी किंवा चिंचवडच्या गाळ्यांतील मोटार रिवाइंडिंगवाले, पंप व कॉम्प्रेसर उघडून जोडणारे मिस्त्री यांचे काम यंत्र ग्राहकाच्या मालकीचे असण्यावर अवलंबून असते. यंत्रातील नियंत्रक सांकेतिक शब्दाने बंद असला आणि त्याची नोंद थेट उत्पादकाच्या सर्व्हरवर जात असली, तर मिस्त्रीला ते उघडण्याचा अधिकारही राहत नाही आणि माहितीही मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल १४ मोटार-उत्पादकांना दंड ठोठावला. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती-हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली आहेत. कारखान्यांतील यंत्रसामग्रीचा त्यांत समावेश नाही.