ओरडल्यावर खेळ खरंच सुधारतो का?

“पोरं झापल्याशिवाय सुधारत नाहीत.” पुण्यात सणस मैदानापासून बालेवाडीपर्यंत कुठेही हे ऐकू येतं. असं म्हणणारे सर खोटं बोलत नसतात. झापल्यावर खेळ सुधारलेला त्यांनी खरोखर पाहिलेला असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांना इस्रायलच्या हवाई दलातल्या एका प्रशिक्षकाने हेच सांगितलं होतं: कौतुक केलं की पुढची कसरत बिघडते, दरडावलं की सुधारते. कानमन यांनी यामागचं गणित ओळखलं. कुणाचीही कामगिरी त्याच्या सरासरीच्या खाली-वर होत असते. एरवी ५ मीटरच्या आसपास लांब उडी मारणारी मुलगी एखाद्या दिवशी ४.६० वर अडकते. सर चारचौघांत तिचा पाणउतारा करतात. पुढची उडी ४.९५ पडते. सर गप्प राहिले असते तरी ती बहुधा तेवढीच पडली असती! शिव्या पडतात त्या नेमक्या सर्वांत वाईट प्रयत्नानंतर, म्हणून सुधारणेचं श्रेयही शिव्यांना जातं. ‘सरासरीकडे परतणं’ हा नियम फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवला होता.

म्हणजे वीस वर्षांचा अनुभवही प्रशिक्षकाची ही चूक दुरुस्त करत नाही, उलट रोज पक्की करतो. म्हणून लक्ष ठेवणारं दुसरं कुणीतरी हवं.

शिक्षा शरीरावर उतरली की धोका आणखी वाढतो. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करू शकतं. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे १३ फुटबॉलपटू कठोर व्यायामानंतर याच कारणाने रुग्णालयात दाखल झाले होते. लघवी चहा-कोलाच्या रंगाची झाली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

मग जबाबदार कोण? अमेरिकेतल्याच रटगर्स विद्यापीठात बास्केटबॉल प्रशिक्षक खेळाडूंना चेंडू फेकून मारत, शिवीगाळ करत. क्रीडा संचालकांनी त्याचं चित्रीकरण २०१२ मध्येच पाहिलं आणि तीन सामन्यांची बंदी व दंडावर भागवलं. एप्रिल २०१३ मध्ये ते टीव्हीवर आलं, तेव्हा प्रशिक्षकाला काढलं आणि संचालकांनाही पद सोडावं लागलं. माझ्या मते ते योग्यच झालं. ज्याला माहीत होतं, तोही जबाबदार.

आपल्याकडे संघनिवड सरांच्याच हातात, म्हणून मुलं तोंड उघडत नाहीत. अकरावी-बारावीची मुलं तर बहुतेक अल्पवयीन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांनुसार महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते. प्राचार्यांनी तिच्या सदस्यांचे फोन नंबर जिमखान्याच्या भिंतीवर लावावेत, आणि संघाची यादी एकट्या प्रशिक्षकाच्या सहीने निघू देऊ नये.