चमचाभर रक्त आणि पिसवांचं गणित

माळ्यावरच्या जुन्या गोधडीत मनी व्याली तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता, त्यामुळे दोन दिवस आम्ही वर डोकावलोच नाही. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू हातात घेतलं तर पोटाच्या पांढऱ्या केसांत कुणीतरी मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसलं. आई म्हणाली माळ्यावरची धूळ असेल. मी ते चार कण ओल्या टिश्यूवर झटकले आणि थोड्या वेळात प्रत्येक कणाभोवती विटकरी रंगाचं वर्तुळ पसरलं, धूळ काय अशी सुटत नाही. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे खरंतर पिल्लाचंच वाळलेलं रक्त.

मोठ्या मांजराला पिसवा झाल्या की ते खाजवतं, चिडतं, आपण औषध आणतो आणि विषय संपतो. नवजात पिल्लाचं तसं नसतं, इथे गणितच वेगळं आहे. जन्मलेलं पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं, म्हणजे तुमच्या मोबाईलपेक्षा हलकं, आणि त्याच्या अंगात रक्त किती तर जेमतेम ६-७ मिली, एक चहाचा चमचा आणि वर थोडं. आता पिसवेकडे बघा, मादी पिसू दिवसाला स्वतःच्या वजनाच्या जवळपास १५ पट रक्त ओढते आणि अशा सत्तरेक माद्या मिळून दिवसाला १ मिली संपवतात. म्हणजे पिल्लाचं सातवा भाग रक्त एका दिवसात गेलं. आपल्यासारख्या मोठ्या माणसाच्या हिशोबात मांडलं तर रक्तदानाच्या ३५० मिलीच्या दोन पिशव्या, रोज, आणि नंतर बिस्किट-कॉफीसुद्धा नाही! म्हणून पिल्लू नुसतं झोपून राहतं, दूध सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि लोक म्हणतात "अशक्तच होतं बिचारं".

आधी एक घोळ मिटवतो, गोचीड वेगळा आणि पिसू वेगळी. गोचिडाला आठ पाय, तो चिकटून फुगत बसतो. पिसवेला सहा पाय, अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, त्यामुळे ती केसांतून सुळकन पळते, अंगावर मागे वळलेले काटे असतात म्हणून खाजवून सहजासहजी पडत नाही, आणि पायाच्या मुळाशी रबरासारख्या एका प्रथिनात ताण साठवून ती वीतभर उंच उडते. मांजराच्या आणि कुत्र्याच्या अंगावर बहुतेकदा एकच जात सापडते. (१८९६ च्या मुंबईच्या प्लेगमधली ती उंदरांवरची पिसू, ही तिची चुलत बहीण म्हणा हवं तर. पिसवांचा आणि प्लेगचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीत दाखवला होता.)

आता जिथे लोक चुकतात तिथे येतो, आणि मीसुद्धा चुकणारच होतो. औषधाच्या दुकानात "पिसवांवर काहीतरी द्या" म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाने कुत्र्याच्या पावडरचा डबा पुढे केला, "मांजरालाही चालतं हो, थोडी कमी टाका". डब्यावर मागे बारीक अक्षरात परमेथ्रिन, म्हणजे एक कीटकनाशक, लिहिलेलं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला नाही. आपल्या यकृतात अशा रसायनांना एक साखरेचा तुकडा जोडून ती लघवीवाटे बाहेर काढायची सोय असते, मांजराच्या घराण्यात त्यातलं एक महत्त्वाचं जनुक पार मोडून गेलंय, त्यामुळे विष अंगातच रेंगाळतं आणि मग थरथर, झटके, मृत्यू. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणी ठरते त्यामागेही हेच कारण. थोडी कमी टाकली म्हणून धोका टळत नाही.

घरगुती उपायांचंही तेच. रॉकेल, कापूर, डांबर गोळ्या, टी ट्री ऑइल, पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं ते जंतुनाशक, फिनेल, यातलं काहीही पिल्लाला नाही लावायचं. कडुलिंबाचं तेल "नॅचरल" आहे म्हणून लावणारे खूप भेटतात, पण नॅचरल म्हणजे सेफ हे कुणी ठरवलं? शिवाय आई पिल्लांना दिवसभर चाटत असते, म्हणजे जे पिल्लाच्या पाठीवर ते तासाभरात आईच्या पोटात.

मांजरांसाठीची जी खरी औषधं आहेत, मानेवर टाकायचे थेंब वगैरे, ती बहुतेक ८ आठवड्यांच्या पुढे, काही ६ च्या पुढे. पिसवा मारणारी नायटेनपायरमची गोळी ४ आठवड्यांनंतर चालते पण वजन साधारण ९०० ग्रॅम हवं, आणि ४ आठवड्यांचं पिल्लू त्याच्या निम्म्यातच असतं, त्यामुळे तेही राहिलं. मग उरतं काय? फणी.

हो, तीच, उवा काढायची बारीक दातांची फणी. एका वाटीत कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. फणी मानेपासून शेपटीकडे हळू फिरवायची आणि लगेच वाटीत बुडवायची. साबण का, तर साध्या पाण्यावर पिसू तरंगत राहते आणि परत उडते, साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि ती सरळ तळाला जाते. पहिल्या दिवशी आमच्या एका पिल्लाच्या अंगावरून ३१ निघाल्या, मी मोजल्या, चौघांच्या मोजायची हिंमत नाही झाली.

फारच असतील आणि पिल्लू गुटगुटीत, गरम असेल तरच अंघोळ, तीसुद्धा दोन-तीन मिनिटांची. पाणी बाळाच्या अंघोळीसारखं, कोपर घालून बघायचं. सौम्य साबणाचा फेस आधी गळ्याभोवती लावायचा, कारण पाणी लागलं की पिसवा तोंडाकडे पळत सुटतात आणि डोळ्या-कानात जाऊन बसतात. डोकं भिजवायचं नाही, तिथे फक्त ओलं फडकं आणि फणी. साबण नीट धुवून लगेच टॉवेलमध्ये, कारण पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताच येत नाही, अंग गार पडलं की ते स्वतःहून गरम होत नाही, आणि गार पिल्लाला दूध पाजलं तर पचतही नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, थेट अंगाला नको, आणि थोडी मोकळी जागा सोडा म्हणजे जास्त गरम झालं तर सरकता येईल. हिरड्या पांढऱ्या असतील किंवा पिल्लू लुळं पडलं असेल तर अंघोळ-बिंघोळ काही नाही, उबेत ठेवायचं आणि त्याच दिवशी व्हेट. आईचं औषधही व्हेटनाच विचारा, तिला दूध पाजताना चालणारं वेगळं मिळतं, आणि आईवरच्या गेल्या नाहीत तर तुमची फणी फुकट.

पण खरा कारखाना गोधडीत असतो. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते, ती गुळगुळीत असल्याने केसांत टिकत नाहीत, खाली गळतात. सोबत ती मिरपूडही गळते, आणि अंड्यातून निघालेल्या अळ्या तीच खाऊन वाढतात. म्हणजे एकाच गोधडीत दोन आया आपापली पोरं पोसत होत्या, एकाच रक्तावर. अळ्यांना अंधार आणि दमट हवा लागते, आमचा आषाढातला माळा म्हणजे त्यांना फाइव्ह स्टारच. गोधडी मी फेकली, पिल्लांना पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या चादरी दिल्या, त्या रोज बदलून उकळत्या पाण्यात टाकल्या, आणि फळ्यांच्या फटी झाडून-पुसून काढल्या.

तरी कोष राहतातच. कोषातली पिसू कित्येक आठवडे गप्प पडून असते, आणि पावलांचा हादरा, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी. गणपतीला आम्ही गावी गेलो होतो, मनी आणि पिल्लं शेजारच्या काकूंकडे. परत आल्यावर मी पांढरे मोजे घालून माळ्यावर पाच मिनिटं फिरलो. उजव्या मोज्यावर दोन, डाव्यावर एक. काकूंना फोन करून सांगितलं, पिल्लं अजून आठवडाभर तुमच्याकडेच राहू द्या.