नार्निया कथामालेतील ख्रिस्ती प्रतीके

सी. एस. ल्यूइस (१८९८–१९६३) या ब्रिटिश लेखकाच्या ‘द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया’ या सात बालकादंबऱ्यांत (१९५०–५६) आणि त्यांच्या दृक्‌श्राव्य रूपांतरांत आढळणारी धर्मसूचक चिन्हे. ल्यूइस मध्ययुगीन व प्रबोधनकालीन इंग्रजी साहित्याचा अभ्यासक होता. तारुण्यात त्याने धर्म सोडला होता. १९३१ च्या सुमारास तो पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. नार्निया हा बोलत्या प्राण्यांचा काल्पनिक देश. या चिन्हांसंबंधीची बहुतेक चर्चा तेथील अस्लन या सिंहाभोवती फिरते.

‘अस्लन’ हा सिंह या अर्थाचा तुर्की शब्द. एडवर्ड लेनने इंग्रजीत आणलेल्या ‘अरेबियन नाइट्स’च्या टिपांत तो मिळाला, असे ल्यूइसने १९५२ मधील एका पत्रात सांगितले आहे आणि ‘यहूदाचा सिंह’ (प्रकटीकरण ५:५) आपल्या मनात होता, असेही तेथेच म्हटले आहे.

कथा आधी की धर्मविचार आधी, हा जुना वाद आहे. बर्फाळ रानातून छत्री व पुडकी घेऊन चाललेला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड) हे चित्र वयाच्या सोळाव्या वर्षापासून आपल्या डोळ्यांपुढे होते, असे ल्यूइस सांगतो. पहिल्या कथेचा (‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’) आरंभ साधारणपणे १९३९ च्या सुमाराचा मानतात. मात्र मुख्य लेखन १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस झाले असावे. धर्मतत्त्वे ठरवून मग त्यांना गोष्टीचे कपडे चढवले, हे म्हणणे त्याने १९५६ च्या एका लेखात खोडून काढले. लेखकाचे स्वतःविषयीचे निवेदन जपूनच घ्यावे लागते. तरी कथांची विस्कळीत ठेवण पाहता ते पटण्याजोगे आहे. रोमन फॉन, नॉर्स लांडगा आणि फादर ख्रिसमस एकाच रानात हिंडतात. नियोजित रूपककथेत अशी गर्दी सहसा होत नाही.

‘रूपककथा’ ही संज्ञाही ल्यूइसला मान्य नव्हती. १९५८ च्या एका पत्रात त्याने जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेतील निराशा-राक्षसाचा दाखला दिला आहे. (मराठीत हे पुस्तक हरि केशवजींच्या ‘यात्रिक क्रमण’ या १८४१ मधील भाषांतराने आले.) तो राक्षस निराशेचे रूपक आहे; अस्लन मात्र कशाचेही रूपक नाही. नार्नियासारखे जग खरोखर असते आणि ख्रिस्ताने तेथे अवतार घेतला असता, तर तो कसा असता, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. यास त्याने ‘गृहीतक’ म्हटले.

पहिल्या कथेत शिला-मेजावर (दगडी वेदीवर) होणाऱ्या अस्लनच्या बलिदानाचा अर्थ लावताना अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या जगातून नार्नियात आलेल्या चार भावंडांपैकी एडमंड द्रोही, आणि प्रत्येक द्रोह्यावर नार्निया बळकावणाऱ्या चेटकिणीचा हक्क. अस्लन त्याच्याऐवजी मरतो. चौथ्या शतकातील निस्साच्या ग्रेगरीने मांडलेल्या खंडणी-सिद्धान्ताशी (ख्रिस्ताचे मरण ही माणसाच्या सुटकेसाठी सैतानाला दिलेली खंडणी) हे जुळते : ख्रिस्ताचे देवत्व मानवी देहाच्या आमिषाखाली गळासारखे लपलेले होते आणि सैतान फसला. चेटकिणीलाही काळाच्या आरंभापूर्वीची ‘अधिक खोल जादू’ ठाऊक नसते. परंतु तिचा हक्क सम्राटाच्या (अस्लनच्या पित्याच्या) राजदंडावरच कोरलेला आहे, आणि बीव्हर हा बोलका प्राणी तर तिला ‘सम्राटाची फाशी देणारी’ म्हणतो. म्हणजे ती स्वतंत्र धनको नसून शिक्षा बजावणारी ठरते. त्यामुळे काहीजण या प्रसंगाचे नाते अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने मांडलेल्या भरपाईच्या उपपत्तीशी (पापाने झालेल्या ईश्वराच्या अवमानाची भरपाई ख्रिस्ताने केली) व पुढील प्रतिदंडाच्या मताशी (माणसाची शिक्षा ख्रिस्ताने भोगली) जोडतात. खंडणी-मताकडे पारडे किंचित झुकते. एकट्या एडमंडसाठीचे हे मरण सर्व मानवजातीच्या उद्धाराशी मात्र नीट जुळत नाही. दुभंगलेले मेज व ख्रिस्ताच्या मरणसमयी फाटलेला मंदिराचा पडदा, आणि पहाटे ख्रिस्ताच्या कबरेपाशी आलेल्या स्त्रियांच्या जागी एडमंडच्या बहिणी सूझन व ल्यूसी, ही साम्ये सर्वमान्य आहेत.

इतर भागांत सृष्ट्युत्पत्ती (‘द मॅजिशियन्स नेफ्यू’) व युगान्त (‘द लास्ट बॅटल’) येतात. अभ्यासक मायकेल वॉर्डने २००८ मध्ये सात पुस्तके सात मध्ययुगीन ग्रहांशी जोडली. गुरू व मंगळ यांबाबत हे मत बरेचसे पटते, इतरत्र ओढाताण जाणवते. ब्रिटिश कादंबरीकार फिलिप पुलमनने या कथांवर कडक टीका केली आहे. नार्नियाचे शत्रुराष्ट्र कॅलोर्मेन याच्या पौर्वात्य चित्रणावरही आक्षेप आहेत. पण तेथील टॅश देवाचा निष्ठावान भक्त एमेथ याला अस्लन स्वीकारतो, हे त्याच कथामालेत आहे.

सजीव नटांनी केलेल्या रूपांतरास ल्यूइसचा विरोध होता : मानवी सोंगातला अस्लन आपल्याला ईश्वरनिंदा वाटेल, असे त्याने १९५९ मध्ये लिहिले. बीबीसीच्या मालिकेत (१९८८–९०) यांत्रिक बाहुला वापरला. अँड्र्यू अ‍ॅडम्सनच्या पहिल्या कथेवरील चित्रपटात (२००५) संगणकीय सिंह आला, आवाज लियम नीसनचा. या चित्रपटाची प्रसिद्धी अमेरिकेतील चर्चमधूनही करण्यात आली. चेटकिणीला मारल्यावर पडद्यावरचा अस्लन ‘पूर्ण झाले आहे’ (योहान १९:३०) असे उद्गारतो. पुस्तकात हे वाक्य नाही. २०१० च्या ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मध्ये उलटे घडले. पुस्तकाच्या अखेरीस मुलांना किनाऱ्यावर मासे भाजून देणारे शुभ्र कोकरू (तुलना : योहान २१) भेटते, आणि बोलता बोलता तेच सिंह होते. चित्रपटात कोकरू नाही. सिंह आरंभापासून सिंहच आहे.